दाजींनी दिलेलं गाव

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान सूर्याजीराव काटकर. त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणत असू. ते गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. परवा एका लग्नात कुणीतरी मला म्हणालं, "तुमचे दाजी म्हणजे देवमाणूस हो." मी मनातून चिडले. देवमाणूस म्हटलं की त्या माणसाबद्दल पुढं काही बोलायलाच नको. दाजी हट्टी होते, थोडे बढाईखोर होते, गरम जिलबी समोर आली की डॉक्टरांचं नाव काढू देत नसत, आणि आयुष्यात त्यांच्या हातून एक गोष्ट अशी घडली की तिच्यापुढे त्यांचा सगळा चांगुलपणा कमी पडला. तरी मला ते फार आवडत. दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही सांगितल्याशिवाय दाजी सांगून होत नाहीत.

काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातल्या पळशीचे. 'मूळचे' म्हणजे किती, तर दाजींच्या खापरपणजोबांनी शिंद्यांच्या फौजेबरोबर नर्मदा ओलांडली, ती ओलांडलीच. त्यानंतर त्या घरातलं कुणी पळशीला परत गेलं नाही. दाजींनी ते गाव पाहिलं नव्हतं, त्यांच्या वडिलांनीही नाही. पळशीला नदी आहे की ओढा, हेसुद्धा घरात कुणाला धड माहीत नव्हतं. दाजी ग्वाल्हेरात जन्मले, इथंच वाढले, इथंच नोकरी केली, माझ्या बहिणीला इथंच माळ घातली. पण कुणी विचारलं, "आप कहाँ के हैं?" की छाती पुढं काढून म्हणायचे, "पळशी, जिल्हा सातारा."

दाजींना एकट्याला कशाला नावं ठेवू? ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या सगळ्याच मराठी घरांचं हे दुखणं. नवा माणूस भेटला की पहिला प्रश्न मूळ गावाचा. त्याला ग्वाल्हेर असं उत्तर देणारा माणूस म्हणजे ज्याचं कुळशील कुणाला ठाऊक नाही असा, ही आमची समजूत. सुमनताईला, म्हणजे माझ्या बहिणीला, मी एकदा म्हटलं होतं, "ताई, आपण इथं पाहुणे आहोत का गं?" ती म्हणाली, "गप बस, दाजी ऐकतील."

दाजी रियासतीच्या फरासखान्याचे दारोगा होते. फरासखाना म्हणजे दरबारचे तंबू, शामियाने, कनाती, सतरंज्या सांभाळणारं खातं. शिवपुरीच्या जंगलात शिकार असो की उज्जैनला सिंहस्थ, दाजींची माणसं आधी जाऊन कापडाचं गाव उभं करत. माणूस कामावर ठेवायचा तो दाजींच्या शब्दावर. त्यांची रीतही ठरलेली. आलेल्याला बसवायचं, पाणी द्यायचं आणि विचारायचं, "मूळ गाव कोणतं?" काम येतं का हे नंतर. ज्याला आपलं मूळ ठाऊक आहे तो काम टाकून पळत नाही, असं त्यांचं ठाम मत. मग त्या गावाला 'कर' जोडून ते माणसाला नाव देत. काल्पीहून आलेल्यांचा नातू झाला काल्पीकर, बिठूरवाला झाला बिठूरकर. ती हिंदी बोलणारी माणसं हसत, पण त्यांना ते आवडे. आपल्या साहेबानं आपल्याला स्वतःच्या पंक्तीला बसवलं, असं वाटत असावं.

करामत खाँ असाच मुलतानकर झाला. त्याचा पणजा कुठल्याशा फौजेचे उंट घेऊन मुलतानहून इकडं आला होता. करामत जन्मला हजीऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी, आणि फरासखान्याच्या मुक्कामांपलीकडं त्यानं जग पाहिलं नव्हतं. दाजींनी रिवाजाप्रमाणं विचारलं तेव्हा त्यानं घरात ऐकलेलं गाव सांगितलं. दाजी खूश झाले. "वा! म्हणजे तू मुलतानकर." त्यानं सलाम करून म्हटलं, "जी रावसाहब, मुलतानकर ही सही." ही गोष्ट फाळणीच्या खूप आधीची. मुलतान कुठल्या देशात पडेल, याची तेव्हा कुणाला फिकीर असणार?

तंबूच्या कामात करामतचा हात फार चांगला होता, पण दाजींना त्याचं खरं वेड लागलं ते भांडणासाठी. तंबूची दोरी सुताची हवी की तागाची, यावर ही दोघं रोज भांडत. करामत सुताच्या बाजूचा, दाजी तागाच्या. जेवायच्या आधी हे भांडण झालं नाही तर दाजींना अन्न गोड लागत नसे. करामतला ताप आला आणि तो आला नाही, तर दाजी घरी येऊन ताईशी भांडत. मी कॉलेजसाठी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात मला कळलं की दाजींचा मित्र म्हणावा असा या शहरात एकच माणूस आहे, आणि दाजी हे कधी कबूल करणार नाहीत.

अठ्ठेचाळीस साली रियासत विलीन झाली. मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं. त्याला राजधान्या दोन, हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर. उन्हं तापली की दफ्तरं, साहेब, चपराशी, सगळं गाडीत घालून इंदूरला जायचं आणि थंडीला परत यायचं. इकडं फरासखाना मोडला. ज्यांची नोकरी गेली त्यांत दाजीही होते. ते खचले नाहीत. हजीऱ्यात एक पडकं गोदाम भाड्यानं घेऊन त्यांनी तंबूंचा कारखाना काढला आणि फरासखान्यातली आपली माणसं एकेक करून बोलावून घेतली. करामतला बोलवावं लागलं नाही. गोदामाला कुलूप लावायच्या आधीच तो येऊन दारात बसला होता.

पहिलं मोठं काम मिळालं ते सरकारी. मुरारला सिंधी-पंजाबी निर्वासितांची छावणी होती, तिच्यासाठी तंबू हवे होते. तिथं तंबू ठोकायला गेला असता करामतला एक म्हातारा मुलतानचाच भेटला. करामतनं मोठ्या उत्सुकतेनं विचारलं, "बाबा, मुलतान कैसा शहर है?" म्हातारा म्हणाला, "गर्मी और धूल." करामत हसत हसत दाजींना येऊन सांगत होता, "रावसाहब, फिर तो हमारे परदादा ने फ़िज़ूल ही सफ़र किया."

एकावन्नच्या मार्चमध्ये सरकारी ठेकेदारांसाठी हुकूम आला. पाकिस्तानातून आलेल्या माणसाला इथं राहायला परमिट लागतं, तेव्हा कामावरची माणसं कुठली हे मालकानं कळवावं. त्या बाजूचा कुणी असेल तर त्याचं परमिट दाखवावं. परमिट नसलेल्याला कामावर ठेवलं तर ठेका रद्द होईल. हुकूम तसा गैर नव्हता. प्रत्येक राज्याला आपल्या हद्दीत कोण आहे हे कळायला हवं असतं, आणि ते दिवस तर फारच अवघड होते. पाटणकर बाजारातल्या इतर ठेकेदारांनी पहिल्या नावापुढं ग्वालियर लिहिलं, त्याखाली शेवटपर्यंत '"' अशा खुणा ओढल्या, आणि जेवायला गेले.

आमच्या दाजींना मात्र स्फुरण चढलं. रियासतीची माणसं काम कशी चोख करतात, हे नव्या सरकारला दाखवायचं होतं ना! अंगरखा घालून, मांडी ठोकून बसले आणि प्रत्येकाचं मूळ गाव आठवून आठवून लिहू लागले. ताई चहा घेऊन आली, तिनं डोकावून पाहिलं.

"अहो, सगळ्यांच्या पुढं ग्वाल्हेर लिहून टाका ना. इतकी मेहनत कशाला?"

"झूठ लिहू? सरकारला?" दाजी म्हणाले. "सुमन, माझ्याकडून हे होणार नाही. माणसाचं मूळ जे आहे ते आहे."

स्वतःपुढं त्यांनी पळशी लिहिलं. करामतपुढं लिहिलं, करामत मुलतानकर, मुलतान. सही केली आणि स्वतः नेऊन दिलं.

होळी होऊन गेल्यावर पोलीस आले. एक सबइन्स्पेक्टर आणि त्याच्यामागं शिपाई. मी दाजींचा डबा घेऊन कारखान्यात गेले होते, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं. सबइन्स्पेक्टरनं करामतला पुढं बोलावलं आणि परमिट मागितलं. करामतला वाटलं, कुणी चेष्टा करतंय. तो हसला. सबइन्स्पेक्टर हसला नाही. करामतचा थोरला भाऊ सलामत सत्तेचाळीस साली कराचीला गेला होता, हे त्याला आधीच कळलेलं होतं. भाऊ तिकडं आणि हा मुलतानचा, म्हणजे हा तिकडून चोरून आलेला असणार, असा पोलिसांचा हिशेब.

दाजी मध्ये पडले. समजावून सांगू लागले की साहेब, हा इथलाच आहे, याचा पणजा तिकडला. सबइन्स्पेक्टर तसा भला माणूस होता. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तो यूँ कहिए न, रावसाहब, कि ग़लती से लिख गया. एक लाइन लिख दीजिए कि मुलतान ग़लत लिखा है, ग्वालियर पढ़ा जाए. बात यहीं ख़त्म."

इतकंच करायचं होतं. एक ओळ! माझ्या हातात डबा तसाच होता आणि मी मनात म्हणत होते, लिहा, दाजी, लिहा. पण 'चूक' हा शब्द कानावर पडला आणि दाजींचा चेहरा बदलला. आजूबाजूला त्यांची सगळी माणसं हातातलं काम थांबवून बघत होती.

"ग़लत कैसे? मैंने ग़लत नहीं लिखा. इसका मूल गाँव मुलतान ही है. मेरा पळशी है, इसका मुलतान है."

"आप सोच लीजिए."

"इसमें सोचना क्या है? सूर्याजीराव काटकर ने आज तक सरकार को झूठ लिख के नहीं दिया."

सबइन्स्पेक्टरनं खांदे उडवले. म्हणाला, मग चौकशी होईल, निकाल वरचे साहेब देतील, आणि तोपर्यंत या माणसाला कामावर ठेवता येणार नाही. ठेवलंत तर ठेका गेला. त्यानं करामतचा अंगठा घेतला आणि निघून गेला.

कारखान्यात वीस-बावीस घरांची चूल त्या ठेक्यावर पेटत होती. दाजी बराच वेळ दोरीच्या गुंडाळ्यांवर बसून राहिले. मग करामतजवळ गेले.

"करामत, कायद्याची बात आहे. थोडे दिवस घरी बस. मी सगळं ठीक करतो."

"रावसाहब, आप बस कह दीजिए कि मैं यहीं का हूँ."

"माझं म्हणणं आता नाही चालत रे. चौकशी होणार."

करामतनं हातातली दोरी खाली ठेवली. "पहले तो चलता था," एवढंच म्हणाला, आणि चप्पल घालून गेला. मी घरी येऊन ताईला सगळं सांगितलं. ताईनं कपाळावर हात मारून घेतला.

चौकशीची तारीख पडायच्या आत दफ्तरं इंदूरला गेली. करामतचं प्रकरणही कुठल्याशा पेटीत बसून गेलं. आता साहेब थंडीला परत येतील तेव्हा बघू, असं इथं राहिलेल्या कारकुनानं सांगितलं. दाजी ऐकून घेणारे नव्हते. मे महिन्याच्या उन्हात ते इंदूरला गेले, तिथल्या ओसरीत बसून राहिले, साहेबांची गाठ पडली नाही म्हणून परत आले आणि पावसाळ्यात पुन्हा गेले. तिथं आजारी पडून आले. एवढं सगळं केलं, पण करामतच्या घरी मात्र एकदाही गेले नाहीत. कारखान्यातून त्याचं घर हाकेच्या अंतरावर होतं!

मी म्हटलं, "दाजी, त्याच्या घरी जाऊन तर या. त्याला कळू दे की तुम्ही त्याच्यासाठी फिरता आहात."

"काय तोंड घेऊन जाऊ? हुकूम हातात येऊ दे. मग जाईन. खाली हात नाही जाणार."

"त्याला हुकूम नकोय, तुम्ही हवे आहात."

"विमल, तुला अजून दुनियादारी समजत नाही."

मला काय समजत होतं आणि काय नाही ते जाऊ द्या. करामतचं काय चाललं होतं ते साऱ्या हजीऱ्याला दिसत होतं. त्यानं पाटणकर बाजारात जाऊन दुकानांचे पडदे शिवायचं काम मागितलं. पण दाजींनी दिलेलं नाव शहरभर झालेलं होतं. मुलतानकर म्हटलं की मालक लोक हात जोडायचे. परमिटाच्या भानगडीत कोण पडणार? दर आठवड्याला शिपाई येऊन तो घरात आहे ना बघून जायचा. येताना मुद्दाम दारात उभा राहून मोठ्यानं हाक मारायचा. शेजारीपाजारी आधी शिपायाला शिव्या देत, मग हळूहळू करामतकडं येईनासे झाले. त्याची बायको जैनब चार घरी धान्य निवडायला जाऊ लागली. कराचीहून सलामत सांगावे धाडत होता, इकडं निघून या म्हणून.

ताईनं न राहवून एका गड्याच्या डोक्यावर गव्हाचं पोतं देऊन करामतकडं पाठवलं. ते पोतं तसंच परत आलं. गड्यानं निरोप सांगितला, "कहने लगे, बाईसाहब को सलाम कहना. रावसाहब ख़ुद लाते तो रख लेता."

दाजी अंगणात दात घासत होते. त्यांनी हे ऐकलं. चूळ भरली, तोंड पुसलं आणि आत निघून गेले. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोलले नाही. खरं सांगायचं तर मला त्यांचा तिरस्कार वाटला. माणूस भित्रा असता तर मी समजून घेतलं असतं. पण हा माणूस सरकारच्या दारात दोन-दोन दिवस उपाशी बसू शकत होता, आणि मित्राच्या दारात पाच मिनिटं उभा राहू शकत नव्हता. शरमेचंही एक माजलेपण असतं, ते मी दाजींच्या घरात पाहिलं.

दिवाळी झाली, दफ्तरं परत आली आणि तारीख लागली. करामतला बोलावणं नव्हतं. आधी मालकाचा जबाब होणार होता. दाजींनी दरबारी पगडी काढली, ती पुन्हा ठेवून दिली आणि साधी टोपी घातली. त्यांची तब्येत नरम होती, म्हणून ताईनं मला सोबत पाठवलं.

साहेब तरुण होते, माळव्याकडले. त्यांनी कागद पुढं ओढले आणि दाजींनी केलेली सगळी हकीगत ऐकून घेतली. मग म्हणाले, "आप कहते हैं, ये आदमी ग्वालियर का है. आपकी गवाही मान लूँ, पर आप ख़ुद कहाँ के हैं?"

दाजींच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "पळशी, जिल्हा सातारा."

"यानी बंबई राज के. यहाँ कब आए?"

"मैं नहीं आया, साहब. मेरे परदादा के पिताजी आए थे."

"आप कभी गए वहाँ?"

"नहीं."

"कोई है वहाँ? घर, ज़मीन?"

"नहीं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना चेष्टा करायची नव्हती, खरंच समजत नव्हतं. "तो फिर आप वहाँ के कैसे हुए?"

दाजींनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मला वाटलं, आता हे खापरपणजोबा, फौज, नर्मदा, सगळं काढणार. त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या घरात आजवर कुणी न म्हटलेलं काहीतरी त्यांना म्हणायचं होतं, आणि ते म्हणताना आपल्या मेलेल्या माणसांची पाठ आपल्याकडं वळते आहे, असं त्यांना वाटत असणार. मला त्या क्षणी त्यांची दया आली.

"ग्वालियर का हूँ," ते म्हणाले. "मैं भी और वो भी. मैंने ग़लत लिखा था, साहब."

साहेबांनी लगेच हुकूम लिहिला. करामत खाँ वल्द रहमत खाँ हा जन्मानं आणि राहण्यानं ग्वाल्हेरचा, त्याला परमिटाची गरज नाही, त्याला कामावर घ्यायला हरकत नाही. सही करून शिक्का मारताना सहज म्हणाले, "इतनी-सी बात मार्च में ही कह देते."

बाहेर आल्यावर दाजींनी टांगा केला आणि घरी न जाता थेट हजीऱ्याला घ्यायला सांगितलं. वाटेत थांबून त्यांनी पेढे घेतले. टांग्यात बसून ते एकटेच बोलत होते. करामत आधी रागावेल, रागावू दे. चार शिव्या देईल, देऊ दे. मग म्हणाले, "आणि विमल, दोरी सुताची घेऊ आता. त्याचंच खरं, म्हणावं." इतक्या महिन्यांनी मी त्यांना हसताना पाहिलं. मीही हसले.

करामतच्या दाराला कुलूप होतं.

शेजारच्या घरातून एक म्हातारी बाहेर आली. तिनं दाजींना ओळखलं, पण सलाम केला नाही. म्हणाली, गेले. गेल्या जुम्म्याची नमाज झाल्यावर गेले. आग्र्याच्या गाडीनं, तिथून जोधपूर आणि पुढं खोखरापारची हद्द. भांडी विकली, शिलाईचं सामान कुणाला तरी देऊन टाकलं.

"पर हुकुम हो गया है," दाजी तिला कागद दाखवू लागले. "वो यहीं का है. लिखा है देखो."

म्हातारीला वाचता येत नव्हतं. तिनं कागदाकडं पाहिलंही नाही. "जैनब बहुत रोई कि मत चलो. तो बोला, हमको क्या मालूम हम कहाँ के हैं. रावसाहब को मालूम होगा, उन्होंने लिखा है."

दाजी त्या पायरीवर बसले. रस्त्यावरची माणसं बघत होती, तरी बसले आणि रडले. मी त्यांना उठवलं नाही. पेढ्यांचा पुडा मी त्या म्हातारीला देऊ लागले तर तिनं घेतला नाही.

यानंतर जे झालं ते मला सांगताना आजही त्रास होतो. हद्द ओलांडून गेलेल्या माणसाला परत यायचं तर परमिट लागे. करामत इथं होता तोवर त्याला ज्या कागदाची गरज नव्हती, तो आता त्याला खरोखरच लागणार होता. दाजींनी कळवळून खटपट सुरू केली. कळलं की कायमचं परत यायचं परमिट मिळू शकतं, पण इथल्या मालकानं हमी घ्यायला हवी की हा माणूस आला की मी त्याला कामावर घेतो. दाजी म्हणाले, एक काय, दहा वेळा घेतो. अर्ज आणला आणि पहिल्याच रकान्यात लिहिलं, करामत खाँ, ग्वालियर.

कारकुनानं अर्ज परत केला. "ग्वालियर का है तो परमिट क्यों माँग रहे हैं? पाकिस्तान का लिखिए, तब आगे जाएगा."

दाजींनी दुसरा अर्ज आणला. पुन्हा ग्वालियर. पुन्हा परत. ताई हात जोडून म्हणाली, "अहो, लिहा ना पाकिस्तान. कागदावर लिहिल्यानं काय होतं? येऊ दे त्याला."

"कागदावर लिहिल्यानं काय होतं ते तू मला सांगतेस?" दाजी म्हणाले.

मी भांडले, ओरडले. म्हटलं, दाजी, मार्चमध्ये तुम्ही हट्टानं एक शब्द बदलला नाहीत आणि तो गेला. आता हट्टानं एक शब्द लिहीत नाही आणि तो येत नाही. तुमच्या खरेपणात दोन्ही वेळा त्याचाच बळी का? त्यांनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते. म्हणाले, "विमल, मी त्याला एकदा माझ्या हातानं तिकडचा केला. परत नाही करवत मला. हात नाही चालत."

त्यांच्या समोर अर्ज होता, शाईत बुडवलेला टाक होता. दाजी दिवसभर त्यासमोर बसून राहिले आणि संध्याकाळी त्यांनी दौतीला झाकण लावलं. पुढच्या वर्षी परमिटं बंद झाली, पासपोर्ट आणि व्हिसा आले. कराचीत करामत एका मंडपवाल्याकडं कामाला आहे, असं कुणीतरी येऊन सांगितलं. तो तिथं सगळ्यांना आपण ग्वाल्हेरचे म्हणून सांगतो, हेही सांगितलं. दाजींनी ते ऐकलं, पुन्हा एकदा विचारून घेतलं, आणि जेवायचं ताट बाजूला सारून उठून गेले.